बाह्या सरसावणारा शेतकरी

परदेशांतून परतलेल्या माणसानें घरीं पाऊल टाकलें, कीं पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तिकडे सर्वांत पाहण्यासारखें काय होतें ?" गेल्या उन्हाळ्यांत मी आणि सौ. पॅरिसहून परत आलों, तेव्हां घरच्या लहानथोरांनीं आम्हांलाहि तोच प्रश्न केला. मुलांना आयफेल मनोऱ्याचें वर्णन हवें होतें, सुनांना तेथील दुकानांचें, आणि माझ्या शहाऐंशी वर्षांच्या आत्याला आमच्या जेवणाखाण्याची सोय तेथें कशी लागली ह्याचें. मीं मात्र फारसा विचार न करतां सांगितलें, "एक शेतकरी पाहिला." घरांत एकच हंशा पिकला. "शेतकरी पाहावयास एवढ्या दूर कशाला जावयास हवें होतें ? आपल्या गांवीं काय कमी होते ?" असें आत्या म्हणाली. तिचें म्हणणें खोटें नव्हतें. किंबहुना तें किती खरें आहे हें मला त्या शेतकऱ्यासमोर उभें राहिल्यावरच समजलें होतें. तो सर्व प्रकार वाचकांपुढें मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त पॅरिसमध्यें असतो. त्यानें आग्रह केला म्हणून आम्ही गेलों. चार दिवस राजवाडे, देवळें, बागा पाहून पायांचे तुकडे पडल्यावर पांचव्या दिवशीं तो म्हणाला, "काका, आज एकच ठिकाण पाहूं, पण सावकाश पाहूं." तें ठिकाण म्हणजे सीन नदीच्या डाव्या तीरावरील ऑर्सेचें संग्रहालय.

ही इमारत मूळची रेल्वे-स्टेशन. १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनाकरितां पॅरिसला लोटणाऱ्या उतारूंसाठीं ती घाईघाईनें उभारली गेली. पुढें विजेवर चालणाऱ्या गाड्यांची लांबी वाढली, फलाट तोकडे पडूं लागले, आणि १९३९ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या येथें येईनाशा झाल्या. पाडून टाकण्याचेंहि एकदां घाटत होतें. परंतु अखेर ती वांचली आणि १९८६ च्या डिसेंबरांत तिचें संग्रहालय झालें. अजूनहि आंत शिरतांच वर कांचेचें प्रचंड कमानदार छत दिसतें आणि भिंतीवरचें भलें मोठें सोनेरी घड्याळ वेळ दाखवीत असतें. जेथें एके काळीं आगगाडीचे रूळ होते त्या मधल्या लांबच लांब मोकळ्या जागेंत आतां पुतळे उभे आहेत. जणूं कोणत्या तरी गाडीची वाट पाहत मंडळी ताटकळली आहेत, असा भास होतो.

प्रथम आम्ही मिले ह्या चित्रकाराचीं चित्रें पाहिलीं. त्याचें १८५७ सालचें एक प्रसिद्ध चित्र आहे. पीक कापून नेलेल्या शेतांत तीन गरीब बाया वांकून पडलेलीं कणसें वेंचीत आहेत. आपल्याकडे ह्याला सरवा वेंचणें म्हणतात. सौ. नें चित्र पाहतांच तो शब्द उच्चारला, आणि पुतण्याला तो ठाऊक नव्हता म्हणून त्याला अर्थ समजावून दिला. मालकाचें धान्य खळ्यावर गेल्यानंतर जें मातींत उरतें, तेवढ्यावर त्या बायांचा हक्क. दूर पाठीमागें गाडाभर पीक रचलेलें दिसतें, घोड्यावर देखरेख करणारा मनुष्यहि दिसतो. पण तो बोटाएवढा आहे, आणि ह्या तिघी चित्रभर आहेत. हें चित्र प्रथम लोकांपुढें आलें तेव्हां पॅरिसच्या बड्या मंडळींना तें रुचलें नव्हतें. कां रुचलें नसावें, हें निराळें सांगावयास नको.

त्यानंतर आम्ही पुतळ्यांकडे वळलों. देवता, अप्सरा, वीर, कवि, सेनापति, सर्व कांहीं होतें. हात उंचावलेले, मस्तकें ताठ केलेलीं, वस्त्रें वाऱ्यावर उडणारीं. ह्या सगळ्या थाटांत एकाएकीं एक मनुष्य असा दिसला, कीं ज्याला आपण पाहिला जात आहों ह्याची दादच नाहीं. पूर्ण उंचीचा, काळसर ब्राँझचा. पुतळ्याची उंची १९७ सेंटिमीटर, म्हणजे सुमारें साडेसहा फूट. तेव्हां खऱ्या माणसाहून किंचित् मोठा. पण एवढाहि मोठा नाहीं, कीं मान वर करून पाहावें लागावें. अंगांत साधा सदरा, जाड विजार, पायांत ओबडधोबड पादत्राणें. मान खालीं घातलेली. आणि हातांचें काम एवढेंच, कीं एका हातानें तो दुसऱ्या हाताची बाही वर सारीत आहे.

पुतळ्याचें नांव पुतण्यानें वाचून दाखविलें. फ्रेंच नांवाचा अर्थ 'मोठा शेतकरी'. माझ्या तोंडून सहज निघालें, "म्हणजे थोरला." तो शब्द माझ्या तोंडीं कोठून आला, हें मी पुढें सांगणार आहें.

आपल्या भाषेंत बाह्या सरसावणें म्हणजे बहुधा भांडणाची तयारी. येथें भांडण नाहीं, आवेश नाहीं, कोणाला दाखविणें नाहीं. सकाळ झाली आहे, समोर जमीन आहे, आणि आतां कामाला लागावयाचें आहे, एवढाच भाव. श्रमाचीं चित्रें काढणारे बहुतेक कलावंत एक तर घामानें थबथबलेला, वांकलेला मजूर दाखवितात, नाहीं तर धान्याच्या राशीजवळ हंसणारा सुखी शेतकरी दाखवितात. पहिल्याची आपल्याला दया येते, दुसऱ्याचें कौतुक वाटतें. ह्या शेतकऱ्यानें मात्र दयेला किंवा कौतुकाला जागाच ठेवलेली नाहीं. काम अद्याप सुरू व्हावयाचें आहे. तो आपल्याच विचारांत आहे. आपण जरा बाजूला सरून त्याला वाट द्यावी, असेंच वाटूं लागतें.

हा पुतळा घडविणारा शिल्पकार एमे-झ्यूल दालू. त्याचा जन्म पॅरिसमध्यें १८३८ च्या ३१ डिसेंबरला एका हातमोजे शिवणाऱ्या कारागिराच्या घरीं झाला. कार्पो ह्या नामांकित शिल्पकारानें मुलाचा हात ओळखला आणि त्याला कलाशिक्षणाची वाट दाखविली. वयाच्या तिसाव्या वर्षानंतर कोठें नांव होऊं लागलें, तोंच १८७१ सालचा पॅरिसच्या कम्यूनचा उठाव झाला. दालू त्यांत सामील झाला. लूव्र येथील कलासंग्रह सांभाळण्याच्या कामीं त्याची त्या काळांत नेमणूक होती. उठाव चिरडला गेल्यावर बायको आणि लहान मुलगी ह्यांना घेऊन त्यानें लंडन गांठलें. त्याच्या पाठीमागें इकडे त्याला जन्मभर सक्तमजुरीची शिक्षा सुनावण्यांत आली.

लंडनमध्यें तो उपाशी राहिला नाहीं. साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेंत त्यानें शिकविलें. खुद्द व्हिक्टोरिया राणीनें आपल्या निवर्तलेल्या नातवंडांच्या स्मारकाचें काम त्याच्याकडे दिलें. परंतु त्या परक्या शहरांत बसून तो मातींतून घडवीत होता काय ? तर मुलाला अंगावर पाजणारी फ्रेंच शेतकरीण ! मायदेश सुटल्यावर माणसाला राजवाडे आठवत नाहींत, अशीं माणसें आठवतात. पोटासाठीं परमुलुखांत राहिलेल्या प्रत्येकाला ह्याचा अनुभव असेल.

१८७९ सालीं माफी मिळाल्यावर दालू पॅरिसला परत आला. ज्या सरकारनें त्याला शिक्षा दिली होती, त्याच प्रजासत्ताकाचें भव्य स्मारक घडविण्यांत त्याचीं पुढचीं वीस वर्षें गेलीं. १८८९ मध्यें त्याची प्रतिकृति उभी राहिली, आणि १८९९ च्या नोव्हेंबरांत तें ब्राँझमध्यें पुरें होऊन पॅरिसच्या एका मोठ्या चौकांत त्याचें अनावरण झालें. सिंहांनीं ओढलेल्या रथावर प्रजासत्ताकाची देवी उभी आहे. बाजूला श्रमाचें प्रतीक म्हणून खांद्यावर हातोडा टाकलेला एक लोहार चालतो आहे. त्या दिवशीं हजारों कामगार मिरवणुकीनें ह्या स्मारकावरून गेले.

एवढें यश पदरीं पडल्यावर दुसरा एखादा स्वस्थ बसला असता. पण दालूच्या मनांत १८८९ पासूनच एक निराळें स्मारक घर करून होतें. राजांचीं झालीं, देवतांचीं झालीं, विद्वानांचीं झालीं. आतां जे राबतात त्यांचें स्मारक व्हावें. शेतकरी, खाणकामगार, गोदींतले हमाल, लोहार, विटा करणारे, अशा सर्वांच्या मूर्ति एका उंच स्तंभाभोंवतीं कोनाड्यांतून उभ्या कराव्या, अशी ती कल्पना होती. लोहाराच्या बाजूला रथ नको आणि वर देवीहि नको. ह्यासाठीं तो शेतांतून, कारखान्यांतून हिंडला. माणसें कामाला कशीं वांकतात, ओझें खांद्यावर कसें घेतात, विसांवा कसा घेतात, हें पाहून त्यानें मातीचे पुष्कळ लहान लहान नमुने केले. त्यांतले कांहीं इतके लहान आहेत, कीं तळहातावर मावावे.

परंतु स्तंभ उभा राहिला नाहीं. प्रकृति ढांसळत होती. १९०० सालीं त्याची पत्नी वारली. त्याची एकुलती एक मुलगी जन्मतःच मनानें अधू होती. आपल्या पश्चात् तिचें काय, ही चिंता त्याला रात्रंदिवस जाळीत होती. १९०२ च्या १५ एप्रिलला तो गेला. त्या सबंध स्मारकापैकीं पूर्ण आकारास पोंचला तो एकटा हा शेतकरी. १८९८ पासून मृत्यूपर्यंतच्या वर्षांतलें तें काम. बाकीचे सर्व सोबती मातीच्या लहानग्या रूपांतच राहिले. १९०५ मध्यें पॅरिस नगरपालिकेनें त्याच्या कार्यशाळेंतले नमुने विकत घेतले. ते आतां नदीपलीकडे 'पती पाले' नांवाच्या संग्रहालयांत आहेत. त्याच्या छोट्या मूर्तींच्या ब्राँझ प्रती काढून विकण्यांत आल्या, आणि त्यांच्या उत्पन्नाचा उपयोग त्या अधू मुलीच्या पालनासाठीं झाला. म्हणजे ज्या श्रमिकांना तो चौकांत उंच उभे करूं पाहत होता, त्यांनींच अखेर त्याच्या मुलीला दोन घांस घातले.

त्या काळीं ही कल्पना दालूलाच सुचली होती असें मात्र नाहीं. त्याचा एके काळचा मित्र रोदाँ ह्यानेंहि श्रमाचा मनोरा योजिला होता. तोहि नमुन्यापुढें गेला नाहीं. बेल्जमचा शिल्पकार मन्ये ह्यानें खाणकामगार, पेरणारा, कापणी करणारा अशा मूर्ति घडविल्या. त्याचें श्रमस्मारक मात्र ब्रुसेल्समध्यें उभें राहिलें. पण केव्हां ? १९३० सालीं, त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनीं. सेनापतीच्या पुतळ्याला वर्गणी लवकर जमते. राबणाऱ्याच्या पुतळ्याला कोणाची घाई नसते, हें तिकडेहि खरेंच दिसलें.

पुतण्यानें हें सर्व सांगितलें, आणि मग त्यानें एक साधा प्रश्न विचारला, "काका, तुम्ही मघाशीं 'थोरला' म्हणालांत. थोरला कोण ?"

मी कांहीं वेळ उत्तर देऊं शकलों नाहीं.

आमचें मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यांत. डोंगराच्या कुशींत थोडी भातजमीन होती. ती कसणारें कूळ म्हणजे दोघे भाऊ. आमच्या घरीं त्यांना 'थोरला' आणि 'धाकटा' एवढ्याच नांवांनीं ओळखीत. वडिलांच्या खंडाच्या वह्या अजून माझ्यापाशीं आहेत. त्यांत दरसाल थोरल्याच्या नांवें भाताचे मण, पायल्या, येणें, बाकी, सर्व चोख लिहिलेलें आहे. पण त्याचें नांव कोठेंच नाहीं. घरच्या ओटीवर आमच्या पणजोबांपासूनच्या तसबिरी होत्या. ज्यांना मीं कधीं पाहिलेंहि नाहीं, त्यांचीं नांवें, गोत्र, निधनतिथि मला तोंडपाठ. ज्याच्या हातचा भात मीं नऊ वर्षें खाल्ला, त्याचें नांव मात्र मला ठाऊक नाहीं !

लावणीच्या दिवसांत तो पहांटे येई. अंगणाच्या कडेला उभा राहून आभाळाकडे एकदां पाही, पंचा वर खोंची, सदऱ्याच्या बाह्या कोपरावर चढवी, इरलें डोक्यावर घेई आणि चिखलांत उतरे. हा क्रम मीं कितीदां तरी पाहिला होता. मग अर्ध्या जगापलीकडे ब्राँझच्या त्या माणसाचा हात बाहीवर पाहून माझी नजर तेथेंच कां खिळली, हें आतां सांगावयास नको.

पुढें १९४८ चा कुळकायदा आणि १९५७ चा एक एप्रिल आला. कसणारा जमिनीचा मालक झाला. आमच्यासारख्या पुष्कळ घरांतून तेव्हांपासून एक वाक्य चालत आलें आहे : "आमच्या जमिनी कुळकायद्यांत गेल्या." ज्या घरांत मिळवतें माणूस नव्हतें, तेथें खरोखरच हाल झाले, तें दुःख खोटें म्हणणें अन्यायाचें होईल. पण आमच्या घरीं वडिलांना नोकरी होती, आम्हीं पुण्याला शिकलों, कोणी उपाशी राहिलें नाहीं. तरीहि वडिलांनीं थोरल्याशीं बोलणें टाकलें.

त्या वर्षीं भात झोडून झाल्यावर थोरला नव्या तांदळाची टोपली घेऊन आला. मी पडवींत होतों. अंगणांत आल्यावर त्यानें टोपली खालीं ठेवली, कोपरावर चढविलेल्या दोन्ही बाह्या मनगटापर्यंत खालीं ओढून नीट केल्या, आणि मग टोपली उचलून पायरीशीं आला. वडील ओटीवर बसले होते. त्यांनीं मान वर केली नाहीं. "ठेव तेथें," एवढेंच म्हणाले. आजीनें आंतून येऊन टोपली घेतली आणि रिकामी परत केली. रिकामी टोपली परत देऊं नये म्हणून एरवीं ती तिच्यांत चार पोहे तरी घालीत असे, तें त्या दिवशीं ती विसरली, कीं तिला धीर झाला नाहीं, कोण जाणे. थोरला निघून गेला. पुन्हां तो आमच्या अंगणांत आल्याचें मला स्मरत नाहीं.

वडिलांना मी दोष देत नाहीं. ते आतां नाहींत, आणि त्यांच्या मनाला काय लागलें होतें हें नऊ वर्षांच्या मुलाला काय कळणार? पण पुढें मी मोठा झालों, नोकरी केली, निवृत्त झालों, गांवीं शंभर वेळां गेलों, आणि तरीहि कधीं त्याच्या घराची पायरी चढलों नाहीं. तो दोष माझ्या वडिलांचा नव्हे.

संग्रहालयांतून आम्ही निघालों तेव्हां सौ. एवढेंच म्हणाली, "दिवाळीला गांवीं जाऊं या."

आम्ही गेलों. भात कापणीला आलें होतें. थोरल्याचा नातू आतां पन्नाशीचा आहे. त्याची एक मुलगी चिपळुणास शिकते. त्यानें आम्हांला ओसरीवर बसविलें, चहा दिला. मीं मोबाइलमधलें पुतळ्याचें छायाचित्र त्याच्यापुढें धरलें. त्यानें तें पुष्कळ वेळ निरखून पाहिलें आणि म्हणाला, "गडी कामाचा दिसतो." मग किंचित् थांबून, "ह्याला कोणीं उभा केला तिकडे ?" मीं दालूची हकीकत थोडक्यांत सांगितली. स्तंभ पुरा झाला नाहीं हें ऐकून त्याला वाईट वाटलें. मुलीचें पुढें काय झालें, हेंहि त्यानें विचारून घेतलें.

नंतर मोठ्या संकोचानें मीं मूळ गोष्टीवर आलों. "तुमच्या आजोबांचें पुरें नांव मला हवें आहे. आमच्या वह्यांत तें नाहीं."

तो हंसला. त्या हंसण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें मला अधिक लागलें. "काका, तुमच्या वहींत नसेल," तो म्हणाला, "आमच्या सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यावर आहे कीं." आणि आंत जाऊन, प्लास्टिकच्या पिशवींत जपून ठेवलेला तो कागद घेऊन आला.

तें नांव मी येथें छापीत नाहीं. तें त्या घरचें आहे. परंतु पुण्यास परतल्यावर मीं वडिलांच्या वह्या काढल्या, आणि पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर, जेथें 'थोरला' असें लिहिलें आहे, त्याच्यापुढें तें संबंध नांव, बापाच्या नांवासह आणि आडनांवासह, माझ्या हातानें लिहून ठेवलें. आत्याला तें वाचून दाखविलें. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याच्या बायकोचेंहि विचारून घ्यावयाचें होतेंस. आवणाचीं रोपें काढावयास तीच तर येत असे."

तें मीं विचारलें नव्हतें. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशा जुन्या वह्या असतील, त्यांनीं माझ्यासारखा उशीर करूं नये, एवढेंच सुचवावेंसें वाटतें. नातवानें निघतांना आम्हांला जूनमध्यें लावणीला बोलाविलें आहे. तेव्हां तें दुसरेंहि नांव विचारून येईन. आणि जातांना टोपली रिकामी नेणार नाहीं.